चमचे, काटे आणि तुझी ब्रँच

प्रिय खारूताई,

पत्र बघून दचकू नकोस, सगळे धडधाकट आहेत. माझा गुडघा जिना चढताना कुरकुरतो, पण कुरकुरणं हे आपल्या घराण्याचंच लक्षण आहे, एकट्या गुडघ्याला कशाला बोल लावू? तुझे बाबा ठणठणीत. खिडकीतलं ते रोपटं, जे मेलंय, टाकून दे असं तू म्हणाली होतीस, त्याला दोन नवी पानं फुटलीत. तू टाकून दे म्हणतेस ती कुठलीच वस्तू मी टाकत नाही, हे तुला माहीत आहे. पुढे तोच विषय यायचाय, म्हणून आधीच कानावर घालून ठेवते.

फोन का केला नाहीस म्हणशील. अगं, फोनवर तुझ्या नवऱ्याचं नाव निघालं की तुझ्या गॅसवरचं दूध उतू जातं. दर वेळी! एवढं दूध तू पितेस तरी कधी? आणि मेसेज केला तर त्यावर अंगठ्याचं चित्र पाठवतेस. आईने जीव ओतून लिहायचं आणि लेकीने अंगठा दाखवायचा. पत्र फार तर फाडता येतं, पण माझं अक्षर फाडायला तुझा हात धजणार नाही असा माझा अंदाज आहे. चुकला तर चुकला.

गेल्या रविवारी तू सांगितलंस की वेगळं व्हायचे कागद तयार झालेत, महिनाअखेरीला सही करून पाठवतेस. सांगताना तुझा आवाज असा होता, जसं काही पंखा दुरुस्तीला टाकायचाय. मी का म्हणून विचारलं, तर म्हणालीस की त्याने तुझी ब्रँच रिबेस केली. आणि दूध उतू गेलं. लोकांचे संसार दारूपायी मोडतात, सासूपायी मोडतात, रिबेसपायी मोडलेला मी तरी पहिलाच ऐकला. शेजारच्या काकूंनी खोदून खोदून विचारलं, तेव्हा मी ऑफिसातलं काहीतरी आहे एवढंच म्हणाले. त्यांचा समज झाला की ऑफिसातली कुणी बाई आहे. मी काही त्यांचा समज दूर केला नाही. बाई समजवायला सोपी पडते.

तर आता ऐक, आणि गॅस बंद करून ऐक. तो इथे आलाय. गुरुवारी दुपारी दार वाजलं, उघडलं तर समोर इस्त्रीवाला. हे नाव बाबांनी ठेवलंय हे त्याला अजून माहीत नाही. रुमालच काय, टॉवेललाही इस्त्री करणारा जावई मिळाला म्हणून बाबा तुझ्या लग्नानंतर आठवडाभर हसत होते, आठवतं? तुला सांगते, गुरुवारी त्याचा शर्ट चुरगळलेला होता. ते बघून मला त्याची कीव आली, आणि लगेच स्वतःचाच राग आला. लेकीच्या बाजूने ठाम उभं राहायचं सोडून मी त्याच्या शर्टाकडे काय बघत बसले! बाबा उठून आतल्या खोलीत गेले आणि भिंतीकडे तोंड करून पेपर वाचायला लागले. मी पाणी दिलं. पाणी तरी द्यायला हवंच ना? तेवढ्याने मी काही फितूर होत नाही. मग जेवायला वाढलं. मग बाहेरच्या खोलीत त्याला कोच झाडून दिला. आता मात्र माझी मलाच शंका यायला लागलीय.

जेवण झाल्यावर मी त्याला समोर बसवलं आणि म्हटलं, बाबा रे, तू माझ्या पोरीचं नेमकं केलंस तरी काय? पण नीट सांग. मी जन्मभर बालवाडीतली पोरं सांभाळली आहेत, त्यांना कळेल असं सांग. तो उठला, ट्रॉलीतले सगळे चमचे काढले आणि टेबलावर एकापुढे एक मांडले. ही मेन, म्हणजे तुम्हा दोघांच्या त्या सगळ्या ऑफिसची मिळून मूळ ओळ. बस किती मिनिटांत येणार ते सांगणाऱ्या, बसथांब्यांवरच्या पाट्या हिच्यावर चालतात. ज्याने त्याने नवं काही केलं की आपला चमचा शेवटी लावायचा. पण काम मोठं असेल तर मूळ ओळीत लुडबुड करायची नाही, बाजूला स्वतःची फांदी काढून तिथे करायचं. ती ब्रँच. मग त्याने तिसऱ्या चमच्यापासून बाजूला तिरपे काटे लावायला घेतले. हे काटे म्हणजे तू. बस रखडणार असेल तर ते पाटीला आधीच कळावं, ही तुझी ब्रँच. तू तिकडे काटे लावत होतीस तोवर इकडे बाकीच्यांनी चमचे लावून लावून ओळ टेबलाच्या कडेपर्यंत नेली.

आता हे दोन्ही एकत्र आणायचं कसं, इथेच म्हणे सगळी भांडणं. एक म्हणजे मर्ज. काटे तिरपे आहेत तसेच राहू द्यायचे, आणि दोन्ही ओळी भेटतात तिथे गाठ मारायची. गाठ म्हणून त्याने तिथे डाव ठेवला. बघणाऱ्याला स्पष्ट दिसतं की इथे दोघं वेगळे निघाले आणि इथे येऊन मिळाले. दुसरं म्हणजे रिबेस. त्यात एकेक काटा उचलायचा आणि शेवटच्या चमच्यापुढे सरळ रेषेत मांडायचा. जसं काही फांदी कधी फुटलीच नव्हती, तू आज सकाळीच कामाला लागलीस. ओळ अशी सुरेख दिसते, की काय सांगू. मला खरं म्हणजे तीच जास्त आवडली. मग आठवलं की मी तुझ्या बाजूची आहे, म्हणून गप्प बसले. एवढ्यात बाबा चहा ढवळायला चमचा शोधत आले आणि त्यांनी नेमका मधलाच उचलला. इस्त्रीवाला कळवळून म्हणाला की मधलं काढलं की त्याच्या पुढचं सगळं बदलतं. चमचा घेऊन बाबा गेले ते गेलेच.

बरं, रिबेस करणं म्हणजे गुन्हा असंही नाही म्हणे. ब्रँच एकट्याची असेल तर ही मंडळी ते रोज करतात. पण जिच्यात दुसऱ्याचंही काम आहे तिला परस्पर हात लावायचा नाही, हे कालच कामाला लागलेल्यालाही ठाऊक असतं. आणि ते यानेच केलं. दुसऱ्या दिवशी मोठे साहेब बघायला येणार होते, आणि काय काम केलं ते सांगायला तू एकेका काट्याला लावलेल्या त्या चिठ्ठ्या! अगं, ऑफिसच्या कामात कुणी असं लिहितं का? 'हे का चालेना.' 'आता तरी चाल रे बाबा.' 'चाललं, कसं ते विचारू नका.' त्याला म्हणे लाज वाटली. मग त्याने रिबेस करता करता तुझे सगळे काटे एकात दाबले, वर शहाण्यासारखी एकच चिठ्ठी लावली आणि ते सगळ्यांच्या सामायिक जागेवर जबरदस्तीने ढकललं. तिथलं जुनं पुसलं गेलं. आता मुद्द्याचं ऐक, मला हे तीनदा विचारावं लागलं. असे काटे दाबले की त्या गठ्ठ्याला पहिल्या काट्याच्या मालकाचं नाव लागतं. आणि तुझ्या ब्रँचमधला पहिला काटा त्याचा होता. तू काम सुरू करणार म्हणून त्यानेच हौसेने ती उघडून दोन ओळी टाकून ठेवल्या होत्या, तुला सुरुवात करून द्यावी म्हणून. त्या दोन ओळींपायी तुझं सगळं काम त्याच्या नावावर गेलं.

मी त्याला तोंडावर विचारलं. कॉलरला अर्ध्या बोटाची सुरकुती पडली तर तुला खोलीच्या त्या टोकावरून दिसते, आणि एवढं नाव दिसलं नाही? तो म्हणाला, ओळ सरळ झाली की नाही एवढंच बघितलं. खरं असेल? त्याच्याकडे बघितलं की खरं वाटतं. तो आंघोळीला गेला की खोटं वाटतं. तू एका शब्दाने कधी बोलली नाहीस, म्हणून त्याला कळलं नाही म्हणतो. तुला वाटत राहिलं की त्याला सगळं माहीत आहे आणि तो साळसूदपणे गप्प आहे. त्याला वाटत राहिलं की तो माझ्या ऑपरेशनच्या वेळी इथे आला नाही, म्हणून तू फुगली आहेस. अरे देवा, दोघंही दिवसभर त्या यंत्राला सतरा प्रश्न विचारता, एकमेकांना एक विचारता आला नाही?

मला तो दिवस लख्ख आठवतो. माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, तू माझ्या सेवेला आलेली. ऑफिसचा कॉम्प्युटर बिघडला म्हणून कॉलेजातला तो विटेसारखा जड लॅपटॉप काढून तू आपल्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसायचीस. आदल्या दिवशी काम संपलं म्हणून तू माझ्या कुबड्या घेऊन नाचलीस, वेडे. दुसऱ्या दिवशी दुपारी तिकडे साहेबांना पाट्या दाखवत होते, आणि तू इथे स्क्रीनकडे बघत होतीस. बघता बघता तुझा चेहरा उतरला. तू झाकण इतक्या हळू लावलंस, जसं काही आत कुणी झोपलंय. मी काय झालं विचारलं, तर मटारचं भांडं पुढ्यात ओढलंस आणि सोलत बसलीस. त्या दिवशी तू दाणे कचऱ्यात टाकलेस आणि सालं भांड्यात ठेवलीस. मी ते बघितलं, आणि तू दमली असशील म्हणून सोडून दिलं. जाताना लॅपटॉप माझ्या हातात देऊन म्हणालीस, दे टाकून भंगारात.

बाबांचं मी तुला आजवर सांगितलं नव्हतं. तुझ्या पाट्या लागल्या तेव्हा ते रोज कोपऱ्यावरच्या थांब्यावर जाऊन उभे राहायचे. जन्मभर बस चालवलेला माणूस. पाटी म्हणाली चार मिनिटं, की हे घड्याळ काढणार. बरोबर निघाली की शेजारच्या अनोळखी माणसाला सांगणार, माझ्या मुलीने केलंय. मग ऑफिसने छापलेलं ते पत्रक आलं, त्यावर जावयाचं नाव. त्याला म्हणे वाटलं, साहेबांना पाट्या त्याने दाखवल्या म्हणून छापलं असेल. तेव्हापासून बाबा पुढच्या थांब्यापर्यंत चालत जातात, तिथे अजून पाटी लागलेली नाही. पायाला व्यायाम होतो म्हणतात. मी पण काय व्यायाम, काय व्यायाम म्हणून मान डोलवते.

शुक्रवारी काय झालं ते ऐक. इस्त्रीवाला सांगत होता की त्याला हे कळलं कसं. ऑफिसात नवीन आलेल्या मुलीने त्याला विचारलं, बस शेवटच्या थांब्यावर उभी असली की पाटी काही न बोलता गप्प का बसते? तुम्हीच लिहिलंय ना? याला सांगता येईना. मग तो मागे मागे शोधत गेला, तर सगळीकडे स्वतःचंच नाव, आणि उत्तर कुठेच नाही. मग त्याला अंधूक आठवलं की तुझ्या त्या चिठ्ठ्यांमध्ये एक होती. 'बाबा म्हणतात, शेवटच्या थांब्यावर ड्रायव्हर चहा पितो. त्याला घाई करू नये.' तीही दाबली गेली. बाबा आतून ऐकत होते. पेपर तसाच हातात धरून बाहेर आले आणि म्हणाले, तिने असं लिहिलं होतं? तो हो म्हणाला. बाबांनी त्याच्या हातात पाना दिला आणि गळका नळ दाखवला. बाबांच्या भाषेत ही किती मोठी गोष्ट आहे, हे तुला वेगळं सांगायला नको. दोघं आता नळापाशी बसून बसगाड्यांवर गप्पा मारतात, आणि माझं घर असून मला कुणी विचारत नाही.

म्हणजे आता उरले मी. आणि माझ्या डोक्याचा पार भुगा झालाय. तुला माहीत आहे, माझ्या वर्गात खोडरबर चालायचा नाही. चुकलं तर एक रेघ मारा आणि पुढे काढा, चूक दिसू दे, असा माझा खाक्या. म्हणजे मी मर्जवाली, तुझी. पण घरात? घरात बाबांशी कडाक्याचं भांडण झालं तरी सकाळी मी चहा ठेवते आणि पुन्हा विषय काढत नाही. ओळ सरळ. म्हणजे मी रिबेसवाली, त्याची. तू लहानपणी रुसलीस की तुला तीन तीन दिवस रुसायचं असायचं, आणि मी दुसऱ्या दिवशी तुझी वेणी घालून मोकळी. तेव्हा तू माझ्यावरही अशीच चिडायचीस का गं? हे मला कालपासून छळतंय. मी रात्रंदिवस टेबलापाशी जाऊन ते चमचे-काटे बघते. आवरू नका म्हणून सांगून ठेवलंय. एकदा तुझं बरोबर वाटतं, एकदा त्याचं, आणि एकदा तर दोघांच्या पाठीत डाव घालावासा वाटतो.

तो आलाय कशासाठी, तर त्या लॅपटॉपसाठी. माझी समजूत काढायला आलाय असं मला उगाच वाटलं होतं. तुझी जुनी ब्रँच आता जगात दुसरीकडे कुठेच नाही म्हणतो. त्याच्या यंत्रात जुन्या खुणा काही आठवडे राहतात, मग आपोआप झाडू फिरतो. बाकीच्यांनी त्याच्याच सांगण्यावरून आपापल्या प्रती नव्याने घेतल्या. तू तो बिघडलेला ऑफिसचा कॉम्प्युटर परत केलास, तो त्यांनी पुसला. उरला तो आपल्या स्वयंपाकघरातला. त्यात झाकण लावलंस त्या दिवसापर्यंतचे तुझे सगळे काटे जसेच्या तसे असणार. मी विचारलं, मिळाले तर काय करशील? पुन्हा सगळं उचकटून नीट लावशील? नाही म्हणाला. मागचं आता काही पुसायचं नाही. त्याने दाबलेला तो गठ्ठा आहे तिथेच राहील, त्याच्या नावासकट, सगळ्यांना दिसेल. त्याच्या पुढे तुझी ब्रँच आणून मर्ज करायची. तुझ्या नावाचा एकेक काटा, 'आता तरी चाल रे बाबा'सकट. ओळ वेडीवाकडी दिसेल. दिसू दे म्हणाला. टॉवेलला इस्त्री करणारा माणूस हे बोलला, खारूताई. हा पश्चात्ताप की हाही त्याचा एक टापटिपीचाच प्रकार, एवढं मला कुणी सांगेल का?

आता हे पत्र मी का लिहायला बसले ते सांगते. आज सकाळी मी कपाटावरून तो लॅपटॉप काढला. बाबांच्या जुन्या स्वेटरमध्ये गुंडाळून ठेवला होता. चार्जिंगला लावला, बराच वेळ मेल्यासारखा पडून होता, मग हुंकार दिला. स्क्रीनवर आधी तुझं नाव आलं, आपल्या घरचं, लग्नाआधीचं, आणि त्याखाली पासवर्डची रिकामी चौकट. तो समोर बसला होता. त्याची बोटं आपोआप अक्षरांवर गेली, पहिल्या अक्षरावर टेकलीसुद्धा. पासवर्ड त्याला पाठ आहे, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. आणि मग त्याने हात उचलले आणि मांडीवर ठेवले. म्हणाला, आई, हे तिचं आहे. तिला विचारल्याशिवाय एकदा केलंय. तुम्ही विचारा. एवढं बोलून तो नळापाशी निघून गेला, आणि मी कागद-पेन घेतलं. तेव्हा विचारते. उघडायचा का? होय म्हणालीस तरी पासवर्ड मला कळवू नकोस, माझ्या पोटात तो राहणार नाही. तू ये. ते सहीचे कागदही घेऊन ये, मी अडवणार नाही, शपथ. पण आधी तुझ्या हाताने हे झाकण उघड, तुझे काटे तुझ्या डोळ्यांनी बघ, बाबांना ती चहाची चिठ्ठी वाचून दाखव. मग डाव ठेवायचा की नाही, आणि ठेवायचा तर कुठे, ते तुझं तू ठरव. त्याला मी तू येशील असं सांगितलेलं नाही. टेबल तसंच मांडून ठेवलंय, आणि आम्ही तिघं बाबांनी पळवलेल्या त्या एकाच चमच्याने आळीपाळीने चहा ढवळतोय. लवकर ये गं.

तुझीच, दोन्ही ओळींच्या मध्ये अडकलेली,
आई